वाटेत किती वेळ

ओबोनची सुट्टी संपली की आमच्या ऑफिसात
चहाच्या थर्मासशेजारचं टेबल भरून जातं.
कुणी हिरोशिमाहून येतं, कुणी सासरहून,
न्हुंग तर थेट हायफाँगहून, नारळाच्या वड्या घेऊन.
खोक्यात माणशी एक,
प्रत्येक तुकड्याला स्वतःचा कागद,
वर चिठ्ठी: थोडंसंच आहे, घ्यावं.

आमच्याकडे गावाहून आलेल्याच्या पिशवीत
पोरं कोपरापर्यंत हात घालतात,
खाऊ काय आणला?
इथे कुणी हात घालत नाही.
एका वर्षी मी रिकाम्या हातांनी आले,
कुणी काहीच बोललं नाही,
आणि ते काहीच न बोलणं
मला दुपारपर्यंत ऐकू येत राहिलं.

यंदा पाच दिवस मी कुठेही गेले नाही.
विमानाचं भाडं पाहिलं, लॅपटॉप मिटला.
चादरी धुतल्या. फ्रीजच्या मागचं पुसलं.
एका रात्री अडीच वाजता मुगाची खिचडी केली
आणि तीच तीन दिवस खाल्ली.
खालच्या ओनोदेराबाईंनी दारात
काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा उभा केला होता,
गेलेल्यांनी घरी लवकर यावं म्हणून.
शेजारी वांग्याची गाय,
परतताना त्यांनी सावकाश जावं म्हणून.
म्हणजे मी सोडून सगळे घरी जाऊन आले,
मेलेलेसुद्धा.

शेवटच्या संध्याकाळी
ओकायामातल्या मोठ्या दुकानाच्या सातव्या मजल्यावर गेले.
तोत्तोरीचं प्रदर्शन लागलं होतं.
समुद्र, वाळूच्या टेकड्या, एक उंट, सगळं पोस्टरवर,
आणि पोस्टरखाली खोकीच खोकी.
नाशपातीच्या जेलीचं उचललं. अठरा नग.
आम्ही सतरा. एक जास्तीचा असलेला बरा.

काउंटरवरच्या मुलीने खोकं तिरकं ठेवून
कागदात असं लोळवलं
की चिकटपट्टी एकच लागली.
मग विचारलं,
"वाटेत किती वेळ जाईल?"
बर्फाची पिशवी घालायची म्हणून विचारतात,
मला ठाऊक होतं.
तरी जीभ अडली.
सहा वर्षं, म्हणणार होते.
वीस मिनिटं, म्हटलं.
तिने तरीही दोन पिशव्या घातल्या.

सोमवारी हामागुचींनी खोकं हातात घेतलं.
मार्चमध्ये निवृत्त होणारे,
माणसांशी कमी, कॅल्क्युलेटरशी जास्त बोलणारे.
चष्मा कपाळावर ढकलून
खोक्याच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली.
"माझं गाव," म्हणाले.

माझ्या पोटात गोळा.

"वारा होता?"
हो, म्हटलं. खूप.
"ऑगस्टात एवढा नसतो."
थर्मासने एकदा उसासा टाकला.
"पण यंदा असेल," ते म्हणाले.
"यंदा सगळीकडेच हवा विचित्र आहे."

उभ्याउभ्याच जेली खाल्ली त्यांनी,
एवढ्याशा चमच्याने, कोपरे खरवडत.
झाकणाचा कागद चौपदरी करून
शर्टाच्या खिशात ठेवला.
बाकीचे आले, आपापली घेऊन गेले,
फार छान, फार छान, म्हणाले,
न्हुंगने डोळा मारला. तिला कळलं असावं.

सहा वाजता अठरावी तिथेच होती.
हामागुचींनी ती माझ्या टेबलावर ठेवली,
आणि तिच्याखाली
खोक्यावरून उतरवलेला कागद,
उलटा केलेला.
त्यावर पेन्सिलने: स्टेशन. पूल.
पुलापलीकडे सायकलवाल्याचं दुकान, आता बंद.
देवळाच्या पायऱ्या, किती ते आकड्यात.
समुद्राच्या बाजूला एक बाण,
बाणावर लिहिलेलं: वारा, इकडून.
"पुढच्या खेपेला कुणी विचारलं तर," म्हणाले,
आणि छत्री शोधू लागले.

कागदाच्या कडेला एक घर होतं.
त्याच्याभोवती गोल काढलेला,
मग खोडलेला,
मग परत काढलेला,
या वेळी जरा मोठा, अंगणासकट.