हे राष्ट्राचे मत नाही

कुंभारजुव्याच्या कालव्यात
भरतीला अर्धं, ओहोटीला पुरं दिसतं
ते आमचं राष्ट्र.
दीड हेक्टर खाजन, अकरा माड, एक मानस,
आणि एक मगर, जिला नागरिकत्व
आम्ही दिलं नाही, तिनंच घेतलं.
लोकसंख्या सात. चवथीला नऊ.

राष्ट्राध्यक्ष सगुणबाब वेर्णेकर, पोस्टातून निवृत्त.
मी सचिव. शिक्का माझ्याकडे.

अधिकृत संकेतस्थळ त्यांच्या भाच्यानं बनवलं,
दुबईला जायच्या आदल्या आठवड्यात, घाईघाईत.
उघडलं की शंख वाजतो, झेंडा फडफडतो,
माडाखाली मगर, मगरीखाली लाटा,
मग अध्यक्षांचा संदेश, सगळा कर्मणी प्रयोगात.
'ताज्या घडामोडी'वर बोट ठेवलं
की 'लवकरच' येतं.
तीन वर्षं येतंय.

दुसरं बेनितानं काढलं,
मानसाच्या फळ्या सांभाळणाऱ्या जुझेची मधली मुलगी.
त्याला झेंडा नाही. पांढरं पान, काळी अक्षरं:
भरती चार दहाला, फळी आधी टाका.
मानसाच्या तोंडाशी शेवटे आलेत.
पोदेर उद्या येणार नाही, सायकलची चेन तुटली.
दत्तारामाची म्हैस आपल्या हद्दीत चरतेय,
परराष्ट्र खात्यानं बघावं.

परराष्ट्र खातंही माझ्याकडेच.

सगुणबाबांनी सभा बोलावली.
जेटीवर, हुर्राकाची बाटली मधोमध.
उद्या कुणी आपल्या नावानं काहीही लिहील, म्हणाले,
एकदा टपालात मी पाहिलंय,
खोट्या शिक्क्याचं पाकीट खऱ्याआधी पोचलं होतं.
पेद्रू म्हणाला, पोचलं ना?
त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

कायदा झाला.
अधिकृत एकच.
बाकीच्यांनी नोंदणी करावी, शुल्क एक असोला नारळ.
आणि प्रत्येक अनधिकृत मजकुराच्या माथ्यावर
ठळक लिहावं: हे राष्ट्राचे मत नाही.

बेनिता त्याच संध्याकाळी नारळ घेऊन आली.
मी शिक्का मारला.
म्हापशाच्या कोरणाऱ्यानं 'अनधिकृत'चा धि दीर्घ कोरला होता,
तिनं पाहिलं, मी पाहिलं.

आणि ती कायदा पाळू लागली,
आमच्यापैकी कुणीच पाळला नसता इतका.
हे राष्ट्राचे मत नाही. भरती पाच वाजता.
हे राष्ट्राचे मत नाही. तिसऱ्या माडावर भुंगा लागलाय.
हे राष्ट्राचे मत नाही. सगुणबाबांना खोकला आहे,
कुणीतरी आलं नेऊन द्या.

आलं तिघांनी नेलं.

मग आश्विनातली अमावास्या. उधाण.
संदेश बदलायचा तर पासवर्ड भाच्याकडे,
भाचा रात्रपाळीला.
आमच्या पानावर झेंडा डौलात फडकत होता.
दोन वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या पानावर:
हे राष्ट्राचे मत नाही.
पश्चिमेचा बांध खचतोय.
पेंढा आणा, फावडी आणा, या.

जुव्याहून पाचजण आले, धावजीहून दोघे होडीनं.
दत्ताराम आला, म्हैस घेऊनच.
कुणाचीही कागदपत्रं तपासली नाहीत.
माझा शिक्का खिशात होता आणि दोन्ही हात चिखलात,
शेजारी सगुणबाब, गुडघाभर पाण्यात, खोकत,
पेंढ्याची जुडी पुढे देत,
पोस्टातल्यासारखी, पत्ता न बघता.

सकाळपर्यंत बांध धरला.
बराचसा. शेवटची वाफ गेली.

पुढच्या सभेत ते म्हणाले, कलम तीन काढून टाकू.
बेनिता म्हणाली, राहू दे बाब,
लोक आता त्यावरूनच ओळखतात.
सगुणबाबांनी बाटलीचं बूच लावलं, पुन्हा काढलं.
ठराव झाला नाही.

महिन्याचा अहवाल मला लिहावा लागतो.
अधिकृत संकेतस्थळ: भेटी चौदा.
त्यातल्या तेरा माझ्या,
रात्री, झोप येत नाही तेव्हा.
शंखाचा आवाज बंद करून
नुसता झेंडा बघतो.
वारा पडला तरी हलत असतो.