टिकली

माझ्या वॅगन-आरच्या डॅशबोर्डवर, एसीच्या खाली
दोन बटणं आहेत, जी बटणं नाहीत.
काळ्या प्लॅस्टिकच्या नुसत्या टिकल्या.
वरच्या मॉडेलला तिथं काहीतरी असतं,
लागतं, विझतं.
आपल्याला टिकली.
सात वर्षं त्यांच्याकडं बघत सिग्नल काढले.
दाबूनही बघितल्या, एलबीएसवर, कंटाळून.
आत जातात थोड्या. होत काही नाही.

परवा रात्री पवईहून एक मुलगी बसली.
बसता बसता विचारलं, दादा, चार्जर आहे?
नव्हता.
लायटरचं भोक सैल, आधीच्या मालकिणीपासून,
पिन घातली की खड्ड्यागणिक बाहेर येऊन लोंबते.
तिनं मोबाइल सरळ धरला, जपून,
काठोकाठ भरलेल्या वाटीसारखा,
उरलेले दोन टक्के सांडू नयेत म्हणून.
कांजूरच्या पुलावर स्क्रीन गेली.
आरशात तिचा चेहरापण गेला.

माझा फोन दिला. घ्या, घरी लावा.
सहा आकडे दाबले तिनं आणि थांबली.
आईचा नंबर पाठ नाही, म्हणाली,
आणि हसली, जसं लोक देवळात चप्पल चोरीला गेल्यावर हसतात.
मलाही बायकोचा पाठ नाही,
हे मी बोललो नाही.

मुलुंडला गेटवर आई उभी होती. अनवाणी.
आधी मुलीला बघितलं, मग गाडीचा नंबर, मग मला.
मी काहीच केलं नव्हतं.
तेच.

सकाळी कुर्ला, सीएसटी रोड.
मुस्तकीम म्हणाला, शंभरची पिन घ्या ना, कशाला खर्च.
म्हटलं, नको. आतून पाहिजे. गाडीचं असल्यासारखं.
तो सीटखाली उताणा शिरला,
पाय बाहेर रस्त्यावर,
रिक्षा त्याच्या पायांना वळसा घालून जात होत्या, शिव्या न देता.
क्लिपा कटकट सुटल्या, पॅनेल हातात आलं.
आत काय काय:
विरघळून पुन्हा घट्ट झालेली पेपरमिंट,
एक रुपया,
कानातल्याची फिरकी,
चेंबूरच्या त्या दातांच्या डॉक्टर रेगेबाईंची असणार.
फिरकी मी शर्टच्या खिशात ठेवली. कुणाला देणार आहे, माहीत नाही.

मग टेस्टरचा बल्ब लागला.
मुस्तकीम आतूनच बोलला,
मालिक, लाइन तो है.
कंपनीनं वायर ओढलीय इथपर्यंत. फक्त बटण दिलं नाही.
मी वाकून बघितलं.
टिकलीच्या पाठीमागं दोन वायरी,
तोंडाला टोपी घालून, नीट गुंडाळलेल्या.
सात वर्षं.
किल्ली फिरवली की रोज इथवर करंट येत होता
आणि इथून परत जात होता.

डायरेक्ट नाय लेनेका, मुस्तकीम म्हणाला,
बारा का पाँच करना पडेगा, नहीं तो मोबाइल की भाजी.
काडेपेटीएवढी डबी बसवली,
सोल्डरचा वास,
काळी टेप दातांनी तोडली.
टिकलीच्या जागी दोन चौकोनी भोकं आली,
कडेनं निळसर उजेड,
ताज्या खरचटल्यासारखा.
दुसरीपण काढू?
पैसे होते खिशात.
म्हटलं, असू दे.

दुपारी बीकेसीला पहिलं गिऱ्हाईक,
टाय लावलेला पोरगा.
वायर काढली, बघितली, म्हणाला, अंकल, ही पिन नाही बसत,
आता दुसरी असते.
घ्या.
त्याला उतरवून आणखी एक वायर घेतली, अडीचशेला.

आता भाडं नसताना मी माझाच फोन लावतो
आणि बायकोचा नंबर पाठ करतो, मोठ्यानं, काचा वर करून.
घाटकोपरपर्यंत सहा आकडे बसलेत.
पुढचे चार सांडतात.
दर आकड्याला उरलेली टिकली दाबतो.
आत जाते थोडी.