व्हिडिओचे तीनशे

धनकवडीत चौथा मजला, लिफ्ट नाही.
म्हणजे लिफ्टची जागा आहे, खड्डा आहे,
त्यात सोसायटीच्या मोडक्या सायकली आहेत.
माझा उजवा गुडघा पायऱ्या मोजतो. बासष्ट.
त्यातली एकोणचाळिसावी बिल्डरनं सूतभर उंच ठेवलीय.
बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात लेथवर काढली,
सूतभर म्हणजे काय, ते मला विचारा.

तेव्हा खिंवसरा डॉक्टर फोनवरून बघायला लागल्या
याचा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.
बिबवेवाडी म्हटलं की मान फिरवणारा रिक्षावाला नाही,
"अठरा नंबर!" म्हणून ओरडणारा कंपाउंडर नाही,
शेजारी खोकणारा, आणि खोकून झालं की
"तुम्हाला काय होतंय?" विचारणारा नाही.
त्याची मात्र आठवण येते.
आपलं बरंच बरं चाललंय, हे तिथंच कळायचं.

दुसऱ्या मजल्यावरची श्रावस्ती गुरुवारी येते,
फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते.
वरून इस्त्रीचा सदरा, खालून पट्ट्यापट्ट्याची चड्डी,
असा मी बसतो.
डॉक्टरांचा चेहरा येतो, तोंड अर्धं उघडं, आणि थिजतो.
आवाज मागाहून पोचतो, पाहुण्यांच्या सामानासारखा.

"कुठं दुखतंय?"
"इथं."
"इथं म्हणजे?"
काचेवर बोट ठेवून दाखवायला गेलो
तर त्यांचंच कपाळ झाकलं गेलं.
दाबून बघा म्हणाल्या.
आपला गुडघा आपणच दाबायचा
म्हणजे स्वतःला गुदगुल्या करण्यासारखं,
दाबणारा आधीच सावध असतो.
त्यांचा हात गार असायचा.
दाबताना त्या गुडघ्याकडे बघायच्याच नाहीत,
माझ्या तोंडाकडे बघायच्या.

एका गुरुवारी मी फोन खाली धरला, सूज दाखवायला.
मागून मंदा चहा घेऊन गेली.
"थांबा," डॉक्टर म्हणाल्या.
रेंज गेली असेल म्हणून मी थांबलो.
"ढमढेरे, त्या कोण?"
"मिसेस."
"त्यांना परत चालायला सांगा. तुम्ही बोलू नका."

मंदा म्हणाली, मला काय धाड भरलीय.
दुसऱ्या बाळंतपणानंतर तिनं दवाखाना पाहिला तो
दुसऱ्यांचे डबे पोचवायला.
तरी गेली ओट्यापर्यंत, आली.
डावा हात तिच्याबरोबर नुसता आला, हलला नाही.
सपाता घासत होत्या.
तो आवाज मी दिवाळीपासून ऐकत होतो.
सपाता झिजल्या म्हणून नव्या आणल्या होत्या.

"घेऊन या त्यांना. इथं. हे मला फोनवर नाही कळायचं."

बासष्ट पायऱ्या, उतरत्या.
सूतभर उंच पायरीवर तिनं माझा खांदा धरला,
की मी तिचा, नक्की आठवत नाही.
डॉक्टरांनी तिचं मनगट हातात घेऊन सावकाश फिरवलं,
मग म्हणाल्या, तुम्ही मशीनवरचे ना, धरून बघा.
धरलं.
आत टक्. टक्. टक्.
दाता अडतो, सुटतो, अडतो.
असा गिअर मी आवाजाआधी तळव्यानं ओळखायचो.
आणि हे मनगट शेचाळीस वर्षं माझ्याच घरात.

कंपाउंडरनं पावती फाडली.
व्हिडिओचे तीनशे, प्रत्यक्षाचे पाचशे.
मंदा म्हणाली, त्या तीनशेत मलाही बघितलं होतं की,
तेवढे वळते करा.
त्यानं केले नाहीत.
ती जिना चढेपर्यंत त्याच्यावरच बोलत होती,
आजाराचं नाव एकदाही काढलं नाही.

आता गुरुवारी साखरेच्या डब्यासमोर दोन खुर्च्या असतात.
गोळ्या, झोप, तोल, सगळं विचारून झालं
की डॉक्टर म्हणतात, "हं, मनगट."
मी मंदाचा हात घेतो, फिरवतो,
ती छताकडे बघते,
मी तिच्या तोंडाकडे.
"आज जरा मोकळं आहे," मी मोठ्यांदा सांगतो.
तिकडे आवाज पोचायला वेळ लागतो.
तोवर मी हात सोडत नाही.