बारावा बोल्ट

रायलीने गालिचा सोलून काढला,
मागची सीटही. उरला नुसता पत्रा,
त्यावर गेल्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ.

पिंजरा आत जाईना.
तिरका घातला, उलटा घातला,
शेवटी दारच उतरवलं.

वेन्ला हेल्मेट घालून बसली.
"मान सरळ." डोकं आणि नळी यांच्या मध्ये
आईने हात घातला: चार बोटं. बरं.

मग ड्रिल. तळाला आरपार भोक,
त्यातून कौहावाचा गारठा वर आला.
पत्र्याखाली पट्टी, वर पट्टी, मधून बोल्ट;
पाना कट्ट म्हणेपर्यंत आवळायचा.

बारा बोल्ट. बारावा
पुन्हा एकदा.

"आता उलटली की कळेल,"
लेक हसत म्हणाली.
रायली पाना पुसत राहिली.
पुसून झाला होता तो.