गाडीला पडवी

आधी माप.
फीत सापडेना, म्हणून गॉजचं भेंडोळं उलगडलं,
पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत
माझ्या चौदा विती, पेनाच्या निळ्या खुणा.
ही गाडी मी एकवीस वर्षं आतून पाहिली.
बाहेरून इतक्या जवळून आजच.

पांढरी. पोटावरचा लाल पट्टा
खरवडूनही पुरता गेला नाही.
दवाखान्याने लिलावात काढली तेव्हा
बोली लावायला दोघंच होतो: मी,
आणि कोंबड्यांसाठी खुराडं शोधणारा लेंबित.
त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि वर केलेला हात खिशात घातला.

आता तोच कुंपणापलीकडून सांगतो,
"ऊर्वे, तयार मिळतं. टालिनहून मागव.
बटण दाबलं की छत बाहेर."
कितीला?
"नऊशे युरो."
तेवढ्यात तुझ्या सगळ्या कोंबड्या येतील, म्हटलं,
वर तूसुद्धा.

कापड भावाचं.
गवताच्या गंजीवर टाकायचा ती ताडपत्री,
हिरवी, मेणचट,
एका कोपऱ्यात उंदरांनी पाडलेली खिडकी.
एंदेल गेला, गाई गेल्या, ताडपत्री उरली.
झटकली तर आतून तीन उन्हाळ्यांचं गवत पडलं.

मग आईचं पायमशीन.
चार पदर एकत्र आले की सुई मोडायची.
पहिली. दुसरी.
तिसरीला मी रशियनमध्ये शिवी घातली,
आमच्या भाषेत तितकं नेमकं काही नाही.
टाके घालण्यातच जन्म गेला माझा:
भुवयांना, अंगठ्यांना,
करवतीने फाटलेल्या एका पोटरीला.
माणसाचं कातडं मदत करतं,
कडा एकमेकींना शोधतात, आठवड्यात धरतात.
ताडपत्री कसलीच मदत करत नाही.
तिच्यात टाका म्हणजे नुसतं भोक,
आणि प्रत्येक भोकातून पाऊस येणार.
म्हणून प्रत्येकावर मेण, अंगठ्याने दाबून.
दोन दिवस हाताला पोळ्याचा वास होता,
एक माशी सारखी येऊन चौकशी करायची.

कडेत दोरी शिवली,
ती छतावरच्या पन्हळीत सरकवायची.
सरकेना. साबण लावला. तरी नाही.
डुकराची चरबी लावली,
तशी एका झटक्यात आत गेली,
स्ट्रेचर जायचं तशी.
मी जरा वेळ शिडीवरच थांबले.

खांब जुनिपरचे, साल न काढलेले.
खुंट्या सळईच्या,
लेंबितने न मागता वाकवून आणल्या,
आणि सगळ्या थोड्या वाकड्या.

पहिल्याच रात्री पाऊस.
अकरा वाजले तरी आभाळात उजेड होता,
त्या उजेडात छत मधोमध
गाभण गाईच्या पोटासारखं खाली आलेलं.
खराट्याचा दांडा खालून लावला, ढकललं,
बादलीभर पाणी थेट लेंबितच्या मानेवर.
पडवी टिकते का ते बघायला आला होता.

सकाळी बाहेरचा एक खांब वीतभर कापला.
चुकलं होतं ते एवढंच:
छत मी सपाट केलं होतं,
जणू कुणाला त्यावर निजवायचंय.

आता उतार आहे.
पाणी एका कोपऱ्यातून आपलं आपण जातं.
लेंबित धुरावलेला मासा आणि काळा पाव घेऊन आलाय,
खुर्ची स्वतःची आणलीय.
बराच वेळ काटे काढतो.
मग विचारतो,
"लिंदा याच गाडीत होती ना, त्या रात्री?"
याच गाडीत.
धक्क्यावर चाळीस मिनिटं,
फेरीबोट बर्फात अडकलेली.
"बोलत होती?"
थंडी वाजतेय म्हणाली. माझा कोट दिला.

तो मान हलवतो. पाव कापतो, जाड.
मग सुरीनेच वर दाखवतो,
"त्या उंदरांच्या खिडकीला ठिगळ लाव.
थेंब येतोय."

येऊ दे, मी म्हणते.
खाली कप ठेवलाय.