रकाना

धुळ्याच्या सिव्हिलला, सोमवारी,
नवा डॉक्टर जुनी फाइल उलटतो.
"अजून वाटतं का ह्यांना, लोक मारतील म्हणून?"
पेन रकान्यावर थांबलेलं.
लोटन माझ्याकडे बघतो. डॉक्टरकडे नाही.

अकरा वर्षं हाच त्याचा आजार होता.
रात्री कडी तीनदा तपासायचा,
म्हणायचा, आक्का, त्या मारतीन माले.
मी म्हणायची, कोनी नही मारस रे, भास शे तो,
आणि भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबून द्यायची.
अकरा वर्षं पाठ करून घेतलं त्याच्याकडून
कोनी नही मारस.

गुरुवारी तो दळण आणायला गेला.
वीज नव्हती, चक्की बंद,
म्हणून जिनिंगच्या फाटकापाशी डबा घेऊन उभा राहिला,
पुटपुटत. एवढंच.
वैशाखातलं डांबर. आधी त्यांनी चपला काढून घेतल्या.
मग मोबाइल काढले. मग पट्टा.
त्यांतल्या एकाचं नाव मीच ठेवलंय,
बारशाला त्याच्या कानात कुर्र केलंय.

पारोळ्याच्या ठाण्यात हवालदार म्हणाले, "यानं काय केलं होतं?"
आणि नाव घातलं ते आरोपीच्या खाली.
मी बोट ठेवलं तेव्हा खोडलं.
लोटननं सगळं सांगितलं. पाच जण,
एकाच्या पायात हिरवी स्लिपर, एक डावरा,
एकोणीस फटके,
विसावा डब्यावर बसला म्हणून धरला नाही.
"ह्याच्याशी रेडिओ बोलतो ना? मग?"
बोलतो, साहेब.
रेडिओनं पाठीवर वळ उठत नाहीत.

गल्लीतल्या बाया म्हणतात, जपून राहा,
असली माणसं कधी अंगावर येतील नेम नाही.
चाळीस वर्षांत लोटननं हात उचलला तो एकदाच.
माझ्या पोरीच्या हातून कपबशी फुटली
आणि त्यानं स्वतःच्याच गालात मारून घेतली.

डॉक्टरला मी काय सांगितलं, नीट आठवत नाही.
गोळी त्यांनी वाढवली.

परतीच्या बसमध्ये त्यानं खिडकीची काच ओढली,
सदरा वर करून वळ चाचपला,
हळूच विचारलं,
आक्का, हाई तरी खरं शे ना?

शे, म्हटलं मी.
या एका गोष्टीत त्याला मी कधी हो म्हटलेलं नव्हतं.
तो सैल झाला.
फागण्यापासून मुकटीपर्यंत झोपला माझ्या खांद्यावर,
तोंड उघडं,
पायात माझ्या धाकटीच्या चपला,
टाचा बाहेर आलेल्या.