हे काम नव्हे

रात्री साडेनऊला फोन. तिकडे सकाळ,
पार्किंगमध्ये गाडी, काचा वर.
"मी कामाचं काही विचारत नाहीये," निषाद म्हणतो,
"सहज आपलं. बोर्ड अजून तापतो का गं?"

वकिलाने त्याला नियम समजावलाय:
कंपनी तुझी असू दे, तिच्यात काम करायचं नाही.
व्हिसा ज्या साहेबाच्या नावाने, हात त्याचे.
मला खरं वाटेना. कमलेशभाई सीएंना विचारलं.
ते म्हणाले, "एवुं ज छे, बेन.
शेठ थवाय, कारीगर ना थवाय."

म्हणून मकरपुरा जीआयडीसीत, पिठाच्या गिरणीमागच्या शेडमध्ये
संचालक मी. दुसरे संचालक बाबा,
रिफायनरीतून निवृत्त, सही अजून गेटपासवर करावी तशी.
"नफा झाला तर घेऊ शकेल ना तो?"
घेऊ शकेल, बाबा.
घाम फक्त इथला लागेल.

दांडिया बाजारात आमच्या दारासमोर डीपी होती.
दप्तर पाठीला तसंच, हा तिच्याखाली उभा.
"ताई, आज ही खर्जात बोलतेय."
संध्याकाळी अख्ख्या गल्लीचे दिवे गेले.
त्या एका अंधारावर ही कंपनी उभी आहे:
तळहाताएवढी डबी, ट्रान्सफॉर्मरच्या पोटाला चिकटवायची,
तिने नुसतं ऐकायचं.
नाव ठेवलं 'कान'.

साठ दिवस. नोकरी सुटली तर तिथे एवढेच.
रेवाचे दुधाचे दातसुद्धा त्याहून सावकाश पडतात.
"परत ये" मी ओठांपर्यंत आणते
आणि विचारते, कितवा पडला?

खोटं नाही सांगत,
कार्डावरचं माझं नाव मला आवडायला लागलंय.
सोल्डरचे चटके तरी माझेच आहेत.

काल रात्री पादऱ्याच्या बर्फ कारखान्यातून तक्रार:
डबी उगाच बोंबलते.
गेले. त्याचा फोन आला तेव्हा
मी मोबाइल ट्रान्सफॉर्मरजवळ धरला.
तो गप्प. काही सांगितलं तर ते काम.
मग बऱ्याच वेळाने त्याने सूर लावला, तोंड मिटून,
यंत्राच्या किंचित खाली,
डीपीखाली लावायचा तसा.

मी तेल काढायला सांगितलं.
काळं निघालं, गुळाच्या काकवीसारखं.
"बेन, तमे तो डॉक्टर!" मालक म्हणाले.
फोन तोवर बंद झाला होता.

बिल केलं. भाग, मजुरी, येणं-जाणं.
शेवटी 'सल्ला' असा एक रकाना आहे.
तो कोरा सोडला.